मधुमेह आणि थायरॉइड सोबत असतील तर: सकाळच्या गोळीपासून घरच्या वहीपर्यंत

आईला मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली होती, तेव्हा थायरॉइड निघाला, म्हणजे गळ्यातली ही ग्रंथी कमी काम करत होती. गोळी सुरू झाली, पण टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढणारा आकडा, काही केल्या खाली येईना. ५० मायक्रोग्रॅमची गोळी ७५ ची झाली, ७५ ची १०० ची झाली, तरी रिपोर्टात आकडा ९-१० च्या घरातच. मग एकदा मी तिच्याकडे चार दिवस राहायला गेले आणि सकाळी ओट्याशी उभी राहून बघितलं. तिने चहा उकळला, कपात गाळला आणि पहिल्या घोटाबरोबर थायरॉइडची गोळी घेतली. लगेच दुसऱ्या घोटाबरोबर कॅल्शियमची. वर दोन मारी बिस्किटं. दोन वर्षांत तिने एक दिवसही गोळी चुकवली नव्हती. ती पोटात पोचत होती, रक्तात फारशी उतरत नव्हती.

तेव्हापासून या दोन आजारांबद्दल डॉक्टरांना विचारत, वाचत आणि घरात करून बघत जे जमवलं, ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. डोस ठरवणं, वाढवणं, कमी करणं हे डॉक्टरांचंच काम. पण गोळी कधी, कशाबरोबर, कशानंतर, रिपोर्ट कसा काढायचा, कोणती गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायची, हे सगळं घरातच घडतं, आणि बिघडतंही घरातच.

आधी दोघांचं नातं समजून घ्या

थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की शरीराचा सगळा कारभार मंदावतो. अन्न आतड्यातून हळू शोषलं जातं, यकृत साखर कमी तयार करतं आणि इन्शुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं. त्यामुळे इन्शुलिन घेणाऱ्या माणसाची शुगर डोस तोच असताना वारंवार खाली जायला लागली, तर थायरॉइड तपासून घ्यावा. दुसऱ्या बाजूने, थायरॉइड कमी असताना स्नायू इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत, हालचाल कमी होते, कोलेस्टेरॉल वाढतं. म्हणजे एकाच बिघाडाने शुगर खालीही जाऊ शकते आणि वरही. म्हणूनच नुसत्या अंदाजावर चालत नाही.

उपचार सुरू झाल्यावर चित्र पुन्हा बदलतं. थायरॉइडच्या गोळीने मंदावलेला कारभार वेग घेतो, तसं इन्शुलिन लवकर संपायला लागतं आणि शुगर थोडी वर सरकू शकते. अनेक जण इथे घाबरतात आणि ‘थायरॉइडच्या गोळीने शुगर वाढली’ म्हणून गोळीच बंद करतात. तसं करू नका. त्या दोन-तीन महिन्यांत मीटरवर शुगर जरा जास्त वेळा तपासा आणि आकडे डॉक्टरांना दाखवा. गरज असेल तर ते शुगरच्या औषधात बदल करतील.

टाइप १ मधुमेहात हे नातं जास्त जवळचं आहे. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या पेशींवर उलटते, आणि तीच पुढे थायरॉइडवरही उलटू शकते. या दुसऱ्या आजाराला हाशिमोटो म्हणतात, १९१२ मध्ये त्याचं वर्णन करणाऱ्या जपानी डॉक्टरांच्या नावावरून. घरात टाइप १ चं मूल असेल तर निदानानंतर लगेच आणि पुढे दर एक-दोन वर्षांनी टीएसएच करून घ्यायला डॉक्टर सांगतात. ते टाळू नका. मुलाची उंची वाढायची थांबली, मूल सतत मरगळलेलं दिसलं किंवा शुगर कारण नसताना खाली जायला लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता आधीच तपासा.

सकाळचा तास: इथेच बहुतेकांचं गणित चुकतं

लिव्होथायरॉक्सिन म्हणजे आपल्याकडे थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन अशा नावांनी मिळणारी गोळी. तिला पोट रिकामं लागतं आणि सोबत फक्त साधं पाणी. त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर पूर्ण तास, काही नाही. चहा नाही, कॉफी नाही, दूध नाही. लिंबूपाणी, मेथीचं पाणी, कारल्याचा रस यातलं काही घ्यायची सवय असेल तर तेही तासाभराने.

आईचा दिवस आम्ही असा बसवला. साडेपाचला उठल्यावर एक पेला पाणी आणि थायरॉइडची गोळी. गोळीची बाटली आता तिच्या उशाशी असते, स्वयंपाकघरात नसते, कारण स्वयंपाकघरात पाय ठेवला की हात आपोआप चहाच्या पातेल्याकडे जातो. मग आंघोळ, पूजा. साडेसहाला चहा. साडेआठला नाश्ता आणि त्याच्याबरोबर शुगरच्या गोळ्या. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर.

यातली एक गोष्ट ठळक करून सांगायला हवी. शुगरची गोळी थायरॉइडच्या गोळीसोबत उठल्या उठल्या घेऊन टाकू नका. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतल्यावर खाणं लागतं. ती साडेपाचला घेतली, थायरॉइडसाठी तासभर उपाशी राहिलात आणि त्यात फिरायलाही गेलात, तर शुगर रस्त्यातच खाली येईल. ग्लिमेपिराइड नाश्त्याबरोबर, मेटफॉर्मिन जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर, आणि जेवणाआधीचं इन्शुलिन ताट समोर येणार असेल तेव्हाच. थायरॉइडची गोळी एकटीच घ्यायची. त्या मधल्या तासात फिरायला जाणाऱ्यांनी, विशेषतः रात्री इन्शुलिन घेत असाल तर, निघण्याआधी शुगर बघावी आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी.

कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, ॲसिडिटीची पातळ औषधं आणि लोह-कॅल्शियम असलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. इसबगोलचंही तसंच. थायरॉइड कमी असला की बद्धकोष्ठ होतं, म्हणून लोक इसबगोल सुरू करतात आणि सकाळी घेतात. मग गोळी त्या चोथ्यात अडकते, थायरॉइड आणखी कमी पडतो आणि बद्धकोष्ठ वाढतं. थायरॉइडची गोळी सकाळी घेत असाल तर इसबगोल रात्री घ्या.

सकाळी चहाशिवाय ज्यांचं पानच हलत नाही, त्यांनी डॉक्टरांना रात्रीच्या वेळेबद्दल विचारावं. शेवटच्या खाण्यानंतर तीन तास गेले असतील तर झोपताना घेतलेली गोळीही चांगली लागू पडते. माझ्या मावशीला हेच सोयीचं पडलं, कारण ती साडेसातला जेवते. दहाला जेवून साडेदहाला झोपणाऱ्या घरात हा उपाय चालणार नाही.

गोळी विसरली आणि दुपारी आठवली, तर जेवून तीन-चार तास झाल्यावर घ्या. दुसऱ्या दिवशी आपल्या मनाने दोन घेऊ नका. हे औषध शरीरात हळूहळू कमी होतं, निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे एका दिवसाने काही बिघडत नाही. बिघडतं ते रोजच्या चुकीच्या वेळेने.

आणि बाटली. ही गोळी ओलावा आणि उजेडाला नाजूक असते. झाकण घट्ट लावून मूळ बाटलीतच ठेवा. गॅसजवळ, खिडकीत, न्हाणीघराच्या कपाटात नको. कोकणातल्या पावसाळ्यात तर जास्तच काळजी घ्या. ब्रँडही सारखा बदलू नका. औषधाच्या दुकानात ‘हीच कंपोझिशन आहे’ म्हणून वेगळी बाटली हातात दिली आणि नाइलाजाने घ्यावी लागली, तर तारीख लिहून ठेवा आणि दीड-दोन महिन्यांनी टीएसएच तपासा.

वेळ सुधारलीत, तर डॉक्टरांना सांगा

इथे आमची मोठी चूक झाली. आईची वेळ सुधारली, चहा मागे गेला, कॅल्शियम दुपारी गेलं. मला वाटलं, प्रश्न सुटला. पण तोवर डोस १०० वर पोचला होता, आणि तो चहात वाया जाणारी गोळी धरून वाढवलेला होता. आता गोळी पूर्ण लागू पडायला लागली. सात-आठ आठवड्यांत तिला धडधडायला लागलं, हाताला कंप सुटला, घाम येऊ लागला. तिला वाटलं शुगर खाली गेली. ती दोन चमचे साखर खायची, पुन्हा थरथर, पुन्हा साखर. मीटर लावला तेव्हा शुगर २४० निघाली. टीएसएच ०.२ होता, म्हणजे गोळी जास्त होत होती.

आम्ही डॉक्टरांना वेळ बदलल्याचं सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं, तर त्यांनी डोस वेळीच कमी केला असता. सवय सुधारणं हाही डोसमधला बदलच असतो. ज्यांना हृदयाचा त्रास आहे आणि जे वयाने मोठे आहेत, त्यांच्यासाठी जास्त झालेला थायरॉक्सिन, म्हणजे या गोळीतलं संप्रेरक, धोक्याचा असतो. म्हणूनच अशा माणसांना डॉक्टर १२.५ किंवा २५ पासून सुरुवात करतात. आपण घाई करायची नाही.

डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी करायचा. पंधरा दिवसांत केला तर आकडा अर्धवट असतो आणि त्यावरून घेतलेला निर्णय चुकतो. आकडा स्थिर झाल्यावर सहा महिने ते वर्षातून एकदा पुरे. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करायची नाही. तो गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो.

थरथर सुटली की आधी मीटर

कंप, घाम, धडधड ही शुगर उतरल्याची लक्षणं आहेत आणि थायरॉक्सिन जास्त झाल्याचीही तीच. नुसतं जाणवण्यावरून ओळखता येत नाही. मीटर हाताशी असेल तर बोटाला टोचून बघायचं. ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. वर आली की पोळी, भाकरी, जे घरात असेल ते थोडं खायचं. पेढा, चॉकलेट अशा वेळी उपयोगाचं नाही, त्यातल्या तुपा-चरबीमुळे साखर हळू चढते. मीटर जवळ नसेल आणि माणूस अडखळत बोलत असेल, तर तपासत बसू नका, साखर द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

आकडा ठीक असूनही असं वारंवार होत असेल, तर टीएसएच बघायची वेळ झाली.

रिपोर्ट वाचताना

तपासणीच्या दिवशी रक्त आधी द्या, थायरॉइडची गोळी नंतर. बाटली पिशवीत घेऊन जा. दर वेळी साधारण त्याच वेळेला जा, कारण टीएसएच पहाटे जास्त असतो आणि दिवसभरात उतरतो. शक्यतो लॅबही तीच ठेवा.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या खूप जणी आहेत, आणि थायरॉइडमध्ये केस गळतातच. बायोटिनमुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी दिसतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस त्या गोळ्या बंद ठेवा. जास्त ताकदीच्या असतील तर किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा.

तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा, म्हणजे एचबीए१सी, हाही कधी कधी फसवतो. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेल्या साखरेवरून हा आकडा काढतात. उपचार न झालेल्या थायरॉइडमध्ये पेशींची उलाढाल मंदावते, जुन्या पेशी जास्त राहतात आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. लोह कमी असलं तरी तसंच होतं. मीटरवर उपाशीपोटी ११०-१२०, जेवणानंतर १६०, आणि एचबीए१सी मात्र ८.२, असं दिसलं तर स्वतःला दोष देत बसू नका. दोन्ही आकडे शेजारी ठेवून डॉक्टरांना विचारा.

थायरॉइड खूप कमी असताना क्रिएटिनिनही, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा, वाढलेलं दिसू शकतं. मेटफॉर्मिनचा डोस मूत्रपिंडाच्या कामावरून ठरतो, म्हणून थायरॉइड ताब्यात आल्यावर ती तपासणी पुन्हा करणं शहाणपणाचं. कोलेस्टेरॉलचंही तेच. शिवाय थायरॉइड कमी असताना कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी स्नायू दुखण्याची शक्यता वाढते. मांड्या-पिंढऱ्या दुखायला लागल्या तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका.

थकव्याचा माग काढा

या दोन आजारांत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘अंगात काही जोरच नाही’. शुगर ठीक, टीएसएच ठीक, तरी जोर नाही. अशा वेळी बी१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर बी१२ कमी होऊ शकतं, हाशिमोटो असलेल्यांतही ते कमी होऊ शकतं, आणि शाकाहारी घरात मुळातच कमी असतं. तळपायाला मुंग्या येणं शुगरमुळेही असतं आणि बी१२ मुळेही, म्हणून नुसत्या अंदाजावर सोडू नका. झोपेत खूप घोरणं आणि सकाळी उठल्यावरही डोकं जड असणं डॉक्टरांना सांगा. मन उदास असेल तर तेही सांगा. दोन्ही आजारांत उदासी येते आणि तिच्यावर उपचार आहेत.

खांदा आखडून हात वर न जाणं, पाठीमागे केसांत वेणी घालता न येणं, याचाही दोन्ही आजारांशी संबंध आहे. लवकर व्यायाम सुरू केला तर खांदा सुटायला मदत होते.

पाय

थायरॉइडने कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा पडतात. मधुमेहाने पायाची जाणीव कमी होते. दोन्ही एकत्र आले की भेगेतून जंतू आत जातात आणि माणसाला कळत नाही. आई रोज रात्री पलंगावर बसून तळवा वर करून बघते. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवा. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन टाचांना लावा, बोटांच्या बेचक्यात नको, तिथे ओल राहून बुरशी होते. भेगा ब्लेडने कापू नका.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. थायरॉइड कमी असला की थंडी जास्त वाजते. मग हिवाळ्यात गरम पाण्याची पिशवी पायाशी येते, शेकोटीजवळ पाय पसरले जातात, गरम पाण्याच्या बादलीत पाय बुडवले जातात. जाणीव कमी झालेल्या पायाला चटका कळत नाही. पाण्याचा गरमपणा कोपराने तपासा, आणि ऊब मोज्यांनी घ्या. अनवाणी देवदर्शन करणाऱ्यांनी तापलेल्या फरशीचंही भान ठेवावं.

खाण्याबद्दल थोडक्यात

थायरॉइडसाठी वेगळा स्वयंपाक लागत नाही. कोबी, फ्लॉवर शिजवून खुशाल खा. आयोडीनयुक्त मीठ चालू ठेवा, आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या नकोत. सोयाबीन रोज खात असाल तर गोळीपासून दूर खा आणि प्रमाण सारखं ठेवा. बाकी पथ्य मधुमेहाचंच: ज्वारी-बाजरीची भाकरी मोजून, उसळ, पालेभाजी, ताक, भात थोडा.

वजनाबद्दल खरं सांगते. थायरॉइडने वाढलेलं वजन सहसा काही किलोच असतं आणि त्यातला बराच भाग पाणी असतं. वजन उतरावं म्हणून थायरॉइडची गोळी वाढवून घेऊ नका.

उपवास ही आपल्याकडची मोठी गोष्ट. थायरॉइडच्या गोळीला उपवासाची अडचण नाही, ती पाण्याबरोबर घ्यायचीच. शुगरच्या औषधांचं मात्र आषाढी, नवरात्र यायच्या आठवडाभर आधी विचारून घ्या. साबुदाण्याची खिचडी बशीभर खाल्ली की शुगर किती चढते ते एकदा मीटरवर स्वतः बघा. त्यापेक्षा वरी थोडी, शेंगदाण्याची आमटी, ताक, राजगिऱ्याचं थालीपीठ बरं. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन चालू असेल तर निर्जळी उपवास करू नका.

हे डॉक्टरांना वेळेत सांगा

दिवस राहिले असतील तर त्याच आठवड्यात सांगा. गरोदरपणात थायरॉक्सिनची गरज सुरुवातीलाच वाढते आणि शुगरही काटेकोर ठेवावी लागते. मूल हवं असेल तर आधीच दोन्ही ताब्यात आणलेले बरे. शुगरसाठी सेमाग्लुटाइडची तोंडावाटे घ्यायची गोळी लिहून दिली, तर आधीची थायरॉइडची गोळी दाखवा, कारण दोघींनाही रिकामं पोट हवं असतं आणि क्रम ठरवून घ्यावा लागतो. टाइप १ मध्ये उलट्या होत असतील, पोट दुखत असेल, श्वास जोरात चालत असेल, तर घरी थांबू नका. थायरॉइडची गोळी बरेच दिवस बंद पडलेला माणूस गुंगीत जायला लागला, अंग गार पडलं, तरीही तसंच करा.

एकच वही

आमच्याकडे पूर्वी शुगरची फाइल वेगळी आणि थायरॉइडची वेगळी होती. दोन डॉक्टर, दोन पिशव्या. आता एक शंभर पानी वही आहे. डाव्या पानावर तारीख, उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतर दोन तासांची शुगर, वजन. उजव्या पानावर औषधातला प्रत्येक बदल: थायरॉइडचा डोस, ब्रँड, वेळ, नवीन सुरू झालेली गोळी, मग ती कॅल्शियमची का असेना. मागच्या पानावर वर्षाच्या तपासण्या: डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन, पाय, कोलेस्टेरॉल, बी१२. शेवटच्या पानावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. पहिला प्रश्न आम्ही विचारला तो असा: ‘आईच्या वयाला टीएसएच किती ठेवायचा आणि एचबीए१सी किती?’ सत्तरीपुढे दोन्हीची पट्टी थोडी सैल ठेवतात, आणि हे कळल्यावर तिच्या मनावरचं ओझं बरंच उतरलं.

आता तिचा डोस ७५ वर स्थिर आहे. रविवारी सकाळी साडेसहाला मी पुण्याहून फोन करते तेव्हा तिच्या हातात चहा असतो आणि मांडीवर वही. आधी ती आठवड्याचे आकडे वाचून दाखवते, मग घरच्या गप्पा.